अर्ध्यावर थांबवलेलं धुणं

जिवाणू फोडल्यावर नळीत जे उरतं ते पाण्यासारखं असेल, असं मला वाटलं होतं. कॉलेजच्या पुस्तकात ती पायरी म्हणजे एक बाण असतो. हडपसरच्या लॅबमध्ये पहिल्या आठवड्यात मी त्या पांढुरक्या पाण्यात पिपेट बुडवून वर उचलली, तर टोकाला एक तार आली. हात डोक्याच्या वर गेला तरी ती तुटेना. मी तशीच उभी राहिले. कोणाला हाक मारायची ते कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी मी मारली नसती.

समोरच्या खोलीतल्या ताईनं दारातून पाहिलं. "घरी भेंडी चिरली नाहीस का कधी?" ती म्हणाली. "तार आहे ती. न्यूक्लिएज घाल, तुटते."

त्या तारेबद्दल आधी सांगते, कारण पुढे एका आईनं जपून ठेवलेला मुलाचा दुधाचा दात माझ्यामुळे अर्धा वाया गेला, तो तिच्यापायी.

तार म्हणजे डीएनए. एका जिवाणूचा डीएनए उलगडला तर त्या जिवाणूच्या हजारपट लांब भरतो. असे अब्जावधी एकदम फोडले की सगळ्या तारा एकमेकींत गुंततात, आणि आपल्याला हवं असलेलं प्रोटीन त्या गुंत्यात अडकतं. न्यूक्लिएज हे तारा कापणारं एन्झाइम. त्याचा एक छोटा थेंब, सोबत थोडं मॅग्नेशियम, आणि अर्धा तास नळी हलती ठेवायची. मग ती उलटी केली तर आतलं पाणी सहज वाहतं. भेंडीत आमसूल घातल्यासारखं, असं ताई म्हणायची. दिवसभरात तेवढंच मला बघत बसावंसं वाटायचं. कापलं जाताना काही दिसत नाही. आवाज नाही, वास नाही. फक्त जे होतं ते नसतं.

ताई विदर्भातली, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. ती भरभरून बोलायची आणि मी बोलत नाही याचं तिला काही वाटायचं नाही. लॅब लहान होती. मॅडम, ताई, मी आणि हिशोब-कुरिअर बघणारे एक काका. मी सदाशिव पेठेतून स्कूटरवर जायचे, डबा खायचे, परत यायचे. ज्या कामात दिवसभर कोणाशी बोलावं लागत नाही असं काम मला मिळालं होतं, आणि मी त्यावर खूश होते.

मी जे प्रोटीन बनवायचे तेही एक एन्झाइमच, पण उलट कामाचं. ते डीएनएच्या प्रती काढतं. हॉस्पिटलांकडून ताईकडे जे नमुने यायचे त्यांतल्या काहींत डीएनए इतका कमी असायचा की तपासायलाच पुरायचा नाही. अशा नमुन्यात ती माझं एन्झाइम घालायची आणि नळी सोळा तास कोमट ठेवायची. कणभर असेल त्याचं मणभर व्हायचं. अडचण एवढीच होती की माझ्या एन्झाइमबरोबर जिवाणूंच्या तारेचा एखादा तुकडा चुकून आला, तर त्याच्याही प्रती निघायच्या. ताई प्रत्येक वेळी एक रिकामी नळी ठेवायची, फक्त पाणी घातलेली. सकाळी तीही भरलेली निघायची.

"आजपण भूत आलं," ती मला दारातून सांगायची.

म्हणून मी न्यूक्लिएज वाढवलं. पण कापणारं घातलं की ते काढूनही टाकावं लागतं. त्यासाठी धुणं. सगळं पाणी बारीक मण्यांनी भरलेल्या काचेच्या कॉलममधून जाऊ द्यायचं. आपलं प्रोटीन मण्यांना धरून बसतं. मग वरून खूप मीठ घातलेलं पाणी सोडत राहायचं, कॉलम दहा वेळा भरून रिकामा होईपर्यंत. ज्याची पकड नाही ते सगळं वाहून जातं. न्यूक्लिएजची पकड नसते, पण ते चिकटून राहतं, आणि सहज जात नाही. राहिलं तर दिसत नाही. साठवणीच्या पाण्यात ते झोपलेलं असतं, वर्षभरही झोपून राहतं. कोमट जागा आणि मॅग्नेशियम मिळालं की उठतं. प्रती काढायला या दोन्ही गोष्टी लागतातच.

हे सगळं मला पाठ होतं. मुलाखतीत मी हेच इंग्रजीत सांगितलं होतं आणि मॅडम म्हणाल्या होत्या, "बोलतेस बरं, विचारलं की."

तो गुरुवार होता. आमच्या भागात त्या दिवशी पाणी बंद असणार हे आधीच कळवलेलं होतं, पण बिल्डिंगची टाकी सकाळीच संपेल असं कोणी धरलं नव्हतं. नळाला पाणी नाही म्हणजे शुद्ध पाण्याचं यंत्रही बंद. कॉलमवर प्रोटीन चढलेलं, आणि माझ्याकडे मिठाचं पाणी चार वेळा भरेल एवढंच. तसंच उद्यापर्यंत सोडलं तर प्रोटीन खराब होतं. त्याच मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडे, दुसऱ्या एका कंपनीची लॅब होती. त्यांच्याकडे शुद्ध पाण्याचे कॅन भरून ठेवलेले असायचे. येताजाताना काचेतून दिसायचे.

मॅडम बाहेरगावी होत्या. ताई रजेवर होती. मी रिकामा कॅन घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेले. आत कोणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. माझ्याबद्दल नव्हतंच ते, मी तर त्यांना दिसतही नव्हते. दोन-तीन मिनिटं मी तिथे उभी होते. आत जाऊन काय म्हणायचं ते मनात इंग्रजीत जुळवलं, मग मराठीत जुळवलं. मग परत आले.

चार वेळा धुतलं आणि प्रोटीन सोडवून घेतलं. वहीत लिहिलं की ठरल्याप्रमाणे धुतलं. वही इंग्रजीतच असते. इंग्रजीत लिहिलेलं मला फारसं माझं वाटत नाही, शाळेत असल्यापासून.

त्या लॉटची, म्हणजे त्या खेपेच्या एन्झाइमची, जी चाचणी असते ती मी केली. डीएनएबरोबर तासभर ठेवायचं आणि तो शाबूत आहे का बघायचं. होता. ताईची रिकामी नळी त्या लॉटपासून रिकामी येऊ लागली. भूत गेलं. ताईनं मला कँटीनमध्ये सामोसा खायला घातला. मॅडम म्हणाल्या, "ब्लँक रिकामा आला म्हणून पेढे वाटायचे नसतात. तो रिकामाच असतो." पण त्या हसत होत्या, आणि मी त्या आठवड्यात घरी जाताना उगाच लांबच्या रस्त्यानं गेले.

दोन महिने तो लॉट चालला. काही बिघडलं नाही.

मग लोणी काळभोरहून दोघी आल्या, आई आणि मुलगी. मुलगी माझ्याच वयाची, तिथल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात काम करणारी. तिला तिसरा महिना होता. फॉर्म इंग्रजीत होता म्हणून ताईनं मला भरून द्यायला बसवलं.

तिचा भाऊ बाराव्या वर्षी वारला होता. हातापायातली ताकद हळूहळू जाण्याचा आजार, फक्त मुलग्यांना होतो आणि आईकडून येतो. त्या वेळी कोणी रक्त जपून ठेवलं नव्हतं. आता मुलीच्या आणि आईच्या तपासणीत डीएनएत एका ठिकाणी एक बदल सापडला होता, पूर्वी कोणात न पाहिलेला. तो आजाराचा बदल आहे की नुसताच आहे, हे कोणी सांगू शकत नव्हतं. भावात तो होता का, एवढं कळलं की उत्तर मिळणार होतं. होता तर तोच गुन्हेगार, आणि मुलीच्या बाळालाही धोका. नव्हता तर मुलगी सुटली. धोका असेल तर पोटात सुई घालून पाणी काढून बाळाची तपासणी करायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या सुईनं क्वचित मूल जातंही. हिचं एक आधी गेलेलं होतं, दुसऱ्या महिन्यात, कसलीही सुई न घेता. तिला सुई नको होती. तिला फक्त भावाचं उत्तर हवं होतं.

आईनं पर्समधून प्लॅस्टिकची कुंकवाची डबी काढली. आत कापसात एक दात होता. तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा.

"दात कौलावर टाकायचा असतो," त्या म्हणाल्या. "त्यानं टाकू दिला न्हाई. म्हनला, माझा हाय, मी ठेवनार."

ताईनं डबी दोन्ही हातांनी घेतली. "काकू, हा दळावा लागंल. आधीच सांगते."

"समदा?"

"सगळा."

त्यांनी मान हलवली. मुलगी माझ्याकडे वळली. "मॅडम, उत्तर नक्की येईल ना?"

"मी मॅडम नाही," मी म्हणाले.

"मग काय म्हणू?"

मी फॉर्मवर पुढचा रकाना विचारला.

दातातून जे निघालं ते दोन थेंब. ताईनं ते दोन नळ्यांत एकेक ठेवले. लॅबचा नियम होता की अशी गोष्ट दोनदा स्वतंत्रपणे करायची, दोन्ही वेळा सारखं आलं तरच नक्की म्हणून सही करायची. एक थेंब तिनं माझ्या एन्झाइमबरोबर ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या नळीत काहीच नव्हतं.

काहीच नव्हतं म्हणजे, रिकाम्या नळीत आणि तिच्यात फरक नव्हता.

"माझ्याच हातचं काहीतरी," ताई म्हणाली. त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही. "किंवा दातात नसेलच काही. उन्हापावसात पडलेला थोडाच होता, कापसात होता. असायला पाहिजे होतं."

"दुसरा थेंब कधी?" मी विचारलं.

"सोमवारी. शांतपणे करते. शनिवारी मॅडमसोबत बसून सगळ्या पायऱ्या बघते, कुठं चुकते ते. लॉट तर चांगला आहे, बाकी सगळं त्याच्यावरच चाललंय."

ती हे बोलत असताना मला लिफ्टच्या पलीकडचं ते दार दिसलं. दोन महिन्यांत एकदाही आठवलं नव्हतं. मी माझ्या टेबलापाशी आले आणि वही उघडली. माझंच अक्षर, सरळ, शाळेतल्यासारखं. ठरल्याप्रमाणे धुतलं. ते वाचताना मला क्षणभर खरंच वाटलं की धुतलं असेल.

मग हिशेब मांडला. लॉटची चाचणी तासाभराची होती, ताईची नळी सोळा तासांची. बाकीच्या नमुन्यांत डीएनए कमी असला तरी दातातल्याहून कितीतरी जास्त होता. तिथे प्रती इतक्या भराभर निघत होत्या की मधून कोणी कुरतडत असेल तर कळलंही नसतं. जिथे भरपूर असतं तिथे खाल्लेलं दिसत नाही. आणि ती रिकामी नळी, जिचा आम्हाला इतका आनंद झाला होता, ती रिकामी का येत होती? मी तुकडे आधीच काढून टाकले म्हणून, की रोज सोळा तास आत बसून कोणीतरी ते खात होतं म्हणून?

शुक्रवारी दुपारी मी कोणाला न सांगता एक चाचणी लावली. माझ्याच डीएनएचा, गालाच्या आतून घेतलेला, अगदी पातळ केलेला थेंब. एका नळीत माझा लॉट, एका नळीत बाहेरून विकत घेतलेलं तेच एन्झाइम. मॅग्नेशियम दोन्हींत घातलं, प्रती काढायचं बाकीचं साहित्य घातलं नाही, म्हणजे फक्त खाणं असेल तर खाणंच दिसेल. सोळा तास. शनिवारी मॅडम आणि ताई आतल्या खोलीत पायऱ्या तपासत बसल्या होत्या, तेव्हा मी निकाल पाहिला. विकतच्या नळीत मी होते. माझ्या नळीत मी नव्हते.

त्या वेळी उठून आतल्या खोलीत जायचं होतं. दार उघडंच होतं. मॅडम विचारत होत्या, "ग्लोव्ह्ज बदलले होते का?" आणि ताई म्हणत होती, "बदलले होते, पण आता मला शपथेवर सांगता येणार नाही." तिचा आवाज बारीक झाला होता. मी नळ्या कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या, मग परत काढल्या, नाव न लिहिता फ्रीजमध्ये ठेवल्या आणि घरी गेले.

रविवारी आईनं दोनदा विचारलं, बरं नाही का. मी म्हणाले, डोकं दुखतंय. बाबा पेपरमागून म्हणाले, "मोबाइल," आणि पान उलटलं. खालच्या क्लासमधली मुलं जिन्यात उत्तरं ताडून बघत होती. मी दिवसभर एकच गोष्ट मनात घोळवत होते: मी बोलले नाही तरी चालेल. ताईचा दुसरा थेंबही रिकामा येईल. सगळे म्हणतील, दात जुना होता. तो लॉट संपत आलाच होता, पुढचा मी नीट धुईन. कोणालाही कधीही कळणार नाही. वही माझ्या बाजूनं होती. असं सगळं नीट जुळत होतं, आणि ते तसं जुळतंय हेच मला सहन होत नव्हतं. खोलीत आणखी कोणीतरी बसलंय आणि मला बघून मान डोलावतंय, असं वाटत होतं.

सोमवारी मी पोहोचले तेव्हा ताईनं नळी बर्फात काढून ठेवली होती. माझा लॉट शेजारी. पिपेटला नवं टोक लावलेलं.

"ताई, थांब."

"काय गं?"

"माझा लॉट घालू नकोस."

"काहून?"

मी रविवारभर पाठ केलेलं होतं. त्यातलं एक वाक्य आलं नाही. "मी चारच वेळा धुतलाय," मी म्हणाले.

तिला समजायला दोन सेकंद लागले. तिनं पिपेट ठेवली. बर्फातली नळी उचलली, फ्रीजरपाशी गेली, ती आत ठेवली, फ्रीजरचं दार लावलं आणि हात दारावरच ठेवून उभी राहिली. मी शनिवारचा निकाल तिच्या टेबलावर ठेवला. तिनं पाठ न वळवताच विचारलं, "शनिवारी तुला माहीत होतं?"

"हो."

"मी आत रडत होते तेव्हा?"

मी तिच्या टेबलावरून माझा लॉट उचलला आणि मॅडमच्या खोलीकडे निघाले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. वही मागितली, ते पान वाचलं. त्या मला कायम अगं-तुगं करत. "तुम्ही पाणी मागायला लाजलात," त्या म्हणाल्या. "बरोबर?"

"हो."

"आणि लिहायला लाजला नाहीत."

त्यांनी आवाज चढवला नाही. दोन महिन्यांतले सगळे नमुने पुन्हा करायला लावले. ते सगळे पहिल्यासारखेच आले, एकही बदलला नाही, आणि त्यानं मला जराही बरं वाटलं नाही. नवा लॉटही मलाच करायला लावला. मी तो धूत असताना त्या मागून येऊन उभ्या राहिल्या. "कितवं?" "चौदावं." "आता काय, संगमावर नेऊन सोडणार आहात?" तेव्हाही तुम्हीच. अजूनही तुम्हीच.

यात अडीच आठवडे गेले. हॉस्पिटलमधून दोनदा विचारणा झाली. ताईनं नव्या लॉटनं दुसरा थेंब लावला आणि तो आला. कमी आला, पण आला. मुलाचाच होता. ताडून बघायच्या खुणांपैकी जेवढ्या वाचता आल्या तेवढ्या आईशी जुळल्या. काही वाचताच आल्या नाहीत. आणि त्या ठिकाणी तो बदल नव्हता.

उत्तर चांगलं होतं. फक्त एकदाच आलेलं होतं. दुसऱ्यांदा करायला थेंब उरला नव्हता.

दोघी आल्या तेव्हा मॅडमनी मला मुद्दाम बसवून घेतलं की मी तिथे होतेच, ते मला ठरवता येत नाही. मॅडमनी नीट समजावलं. भावात बदल सापडला नाही. म्हणजे तुमच्यातला बदल आजाराचा असण्याची शक्यता फार कमी. "एरवी आम्ही दोनदा करतो. इथे नमुना कमी होता, त्यामुळे एकदाच करता आलं. रिपोर्टमध्ये तसं लिहिलंय." त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

आई पदरानं डोळे पुसत हसत होत्या. मुलीनं रिपोर्ट घडी करून पिशवीत ठेवला. "मग सुई नको ना?"

"ते डॉक्टर सांगतील," मॅडम म्हणाल्या. "पण आमच्या रिपोर्टवरून त्यांना वाटेल असं, की गरज नाही."

त्या दोघी निघाल्या. लिफ्टसमोर गर्दी होती म्हणून जिन्यानं गेल्या. मी मॅडमना काही न विचारता उठले. ताईनं माझ्याकडे पाहिलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर मी त्यांना गाठलं. आई कठड्याला धरून दम घेत होत्या.

"नमुना कमी नव्हता," मी म्हणाले. "म्हणजे कमी होता, पण दोनदा पुरेल एवढा होता. पहिला अर्धा माझ्यामुळे गेला."

मी सांगितलं, जेवढं जिन्यात सांगता येतं तेवढं. पाणी नव्हतं, धुतलं नाही, त्यात जे राहिलं त्यानं खाऊन टाकलं.

"दुसऱ्यांदा केलं असतं तर हेच आलं असतं का?"

"माहीत नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"हेच आलं असतं असं वाटतं."

"पण नक्की नाही."

"नक्की म्हणायला दोन लागतात."

तिनं पोटावर हात ठेवला नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "मग मी सुई घेते."

आईंना ते ऐकू आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मला ओळखता आला असता. "कशाला सांगितलंस गं बाई?" त्या म्हणाल्या. "वरनं हितवर येस्तोवर मी सुखात व्हते."

"आई, गप."

"न्हाई, तिला इचारते मी. कुनासाठी सांगितलंस?"

मुलीनं त्यांचा दंड धरला आणि त्या उतरू लागल्या. खालच्या दाराशी पोहोचल्यावर मुलगी एकदा थांबली, वर पाहिलं. तिला रिक्षा मिळाली आणि त्या गेल्या.

सुईची तपासणी आमच्याकडे होत नाही. ती हॉस्पिटलच्या लॅबकडे जाते आणि निकाल डॉक्टरांकडे. आम्हाला कोणी काही कळवायचं कारण नव्हतं, आणि कळवलंही नाही. सुई घेतली की नाही, घेतली तर काय झालं, ते मला माहीत नाही. कधी कधी हडपसरच्या बाजारात एखादी बाई बाळाला खांद्यावर टाकून भाजी निवडताना दिसते आणि मी स्कूटर हळू करते. चेहरा तिचा नसतो. एकदा तर मला तिचा चेहरा नीट आठवलाच नाही, फक्त आईंचा आठवला, कठड्याला धरलेला हात आणि तो प्रश्न. त्याचं उत्तर मी अनेक प्रकारे जुळवून पाहिलं आहे. तिच्यासाठी. खरं ते खरं म्हणून. यांतलं एकही मोठ्यानं म्हणून बघितलं की टिकत नाही. रविवारी खोलीत कोणीतरी बसलं होतं, त्याला उठवायला मी ते सांगितलं, असं मला वाटतं. ते उठलं. दुसरं येऊन बसलं.

फॉर्मवर बाळंतपणाची अंदाजे तारीख मीच लिहिली होती. ती गेल्या महिन्यात येऊन गेली. त्या दिवशी मी कोणाला काही बोलले नव्हते. दुपारी ताईनं डबा उघडला, झुणक्याचा अर्धा भाग माझ्या झाकणात काढला आणि म्हणाली, "आज आहे ना?"

"हो."

"नंबर आहे फाइलमध्ये. करू का फोन? मी बोलते, तू नको बोलू."

फोन तिच्या हाताशी होता. तिनं तो उचललाही. मी झाकणातल्या झुणक्याकडे बघत नाही म्हणाले. तिनं फोन उलटा ठेवला आणि आम्ही जेवलो. नंतर तिनं कधी विचारलं नाही. ती रोज दारातून आत डोकावते, काहीबाही सांगते, आणि दर वेळी ती तोंड उघडायच्या आधी मला वाटतं की आज विचारील, आणि मी हो म्हणेन.